कातडं कुठून आलं, हे मुलांना सांगायचं का?

पत्र: मी सांगलीजवळच्या एका वसाहतीत मुलांचा रविवारचा गट चालवते. आठ ते सोळा वयाची बावीस मुलं आहेत. माती, लोकर, थोडं सुतारकाम करून झालं. आता सहा रविवार चामड्याचं काम घ्यायचं ठरवलंय. आमच्या चौकात बसणारे मामा पूर्वी कोल्हापुरी चपला करायचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आमचीच पोरं शिकंनात, तुमची काय शिकणार?" पण येतील बहुतेक. पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली तर एका वडिलांनी लिहिलं, "आता आमच्या पोरांना चांभारकी शिकवणार का?" त्याखाली दोघांनी हसण्याचे इमोजी टाकले. एका जैन आईने कळवलं की आमच्याकडे चामडं चालत नाही. आणि गटातला तेरा वर्षांचा एक मुलगा त्या दिवसापासून आलेलाच नाही. त्याचे आजोबा गावी चपला करतात, हे मला त्याच्या आईकडून माहीत आहे. हत्यारांची भीती आहे ती वेगळीच. 'लेदर वर्कशॉप' असं नाव देऊन वेळ मारून न्यावी का? झालेल्या वस्तू गणपतीत स्टॉलवर विकाव्यात असंही काही पालक म्हणतात. — एक ताई, सांगली

ताई,

नावाचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यालाच लटकलेलं आहे. नाव बदलून वेळ मारून नेऊ नका. 'लेदर वर्कशॉप' ग्रुपवर शोभून दिसेल, इमोजीही थांबतील. पण रविवारी मामा पिशवीतून रापी-आरी, म्हणजे कातडं कापायचं पातं आणि भोकं पाडायची टोचणी, काढून मांडायला लागले की कोण आलंय आणि कुठलं काम चाललंय, हे बावीसच्या बावीस मुलांना कळणारच. शिवाय कातड्याला वास असतो. सालीचा, तेलाचा, थोडा जनावराचा. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी नाक मुरडून विचारणार, "हे कुठल्या प्राण्याचं?" दुसरा प्रश्न मामांच्या जातीचा. तो थोड्या वेळाने येईल, बहुधा त्यांच्या पाठीमागे आणि हळू आवाजात. या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं द्यायची तयारी नसेल तर हे सहा रविवार घेऊच नका. लोकरीचं काम पुन्हा घ्या, तेही चांगलंच असतं.

मी हे सांगतेय ते अंगाशी आलं म्हणून. माझ्या पहिल्या शिबिरात एका वयस्क कारागिरांची ओळख मी मुलांना "हे आपले चांभारकाका" अशी करून दिली होती. अगदी प्रेमाने. त्यांनी मान खाली घातली, दोन तास उत्तम शिकवलं, आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला की लग्नसराईचं काम आलंय. लग्नसराई संपून महिना झाला होता. आदल्या आठवड्यात सुतारकामाला आलेल्या गृहस्थांना मी 'सर' म्हणत होते, हे मला रात्री भांडी घासताना आठवलं.

म्हणून आधी मामांचं बघू. त्यांना आडनावासकट सर म्हणा, आणि मुलांनीही तेच म्हणायचं. चौकात ते मामा असतील, वर्गात सर. त्यांचा दिवसाचा धंदा किती होतो ते विचारा आणि त्याहून जास्त मानधन पहिल्याच दिवशी पाकिटात घालून द्या. "शेवटी एकदम हिशोब करू" नको. ते खाली बसून काम करणार, कारण गुडघ्यात काम धरायची सवय खुर्चीत बसून चालत नाही. मग मुलंही सतरंजीवर आणि तुम्हीही सतरंजीवर. ते जमिनीवर आणि मुलं बाकांवर, हे चित्र नको. चहा सगळ्यांना एकाच ट्रेमधून, एकाच तऱ्हेच्या कपात. तुम्ही वेगळा कप देणार नाही हे मला माहीत आहे, पण हॉलमध्ये चहा करणाऱ्या बाई कोण आहेत ते बघून घ्या.

आणखी एक. मामींनाही बोलवा. कोल्हापुरीच्या पट्ट्यावरची वेणी, गोंडा, बारीक शिलाई ही कामं बऱ्याच घरांत बायकाच करतात आणि फोटो मात्र रापी धरलेल्या पुरुषाचा छापून येतो. मामींचं पाकीट वेगळं.

आता तो मुलगा. ग्रुपवरची ती ओळ त्याच्या आईनेही वाचली असेल, याचा विचार केलात का? तिने इमोजीही वाचले आणि तुमचं गप्प राहणंही वाचलं. त्यामुळे उत्तर ग्रुपवरच द्यायला हवं, खासगीत देऊन भागणार नाही. दोन ओळी पुरेत: "हो, चपला करणाऱ्यांचंच काम शिकवणार आहोत, ते काम येणाऱ्या माणसाकडूनच. या शब्दावर हसणं आमच्या गटात चालणार नाही." भाषण नको. मग त्या वडिलांना फोन करा आणि जे काय बोलायचं ते बोला.

मुलाच्या आईला भेटून एवढंच सांगा की वर्गात त्याला कोणी काही विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका. "अरे, तुझे आजोबा करतात ना, तू सांग सगळ्यांना" हे वाक्य तुमच्या तोंडी आलंच तर गिळून टाका. आपल्याला वाटतं आपण मान देतोय. त्याला वाटतं आपल्याला उघडं पाडलं. आजोबांना पाहुणे म्हणून बोलवायचा मोह होईल, तोही आवरा. त्याच्या हाताला कदाचित आरी लागलेली असेल, कदाचित त्याने ती कधी धरलीही नसेल. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. नाही आला तर नाही आला. पण नाटक किंवा फुटबॉल सुरू होईल तेव्हा त्याला परत यायला वाट मोकळी राहिली पाहिजे.

त्या वडिलांशी फोनवर बोलताना कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे सांगायला हरकत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते आहे, म्हणजे तुमचा जिल्हाही त्यात आला. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला घातलेले पुरुष चालवले, त्यावर आपल्याकडे गदारोळ झाला, हे त्यांना माहीत असेलच. पण मिलानचा आधार मी घेणार नाही. परदेशात महाग विकलं म्हणून काम चांगलं, हा युक्तिवाद चौकातल्या मामांना पुन्हा बाहेरच ठेवतो.

त्यापेक्षा मला टॉलस्टॉय फार्मची गोष्ट जवळची वाटते. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी ती वसाहत काढली. कॅलनबाख धंद्याने वास्तुविशारद. ते ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठात जाऊन चपला करायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले, आणि गांधीजींनी ते काम फार्मवरच्या मुलांना शिकवलं. जन्माने मोढ बनिया, म्हणजे ज्या घरात कातड्याला हात लावणं म्हणजे विटाळ, तो माणूस. पुढे तुरुंगात केलेला चपलांचा एक जोड त्यांनी १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना भेट पाठवला. ज्याने तुरुंगात टाकलं त्याच्याच पायासाठी! तो जोड स्मट्स यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला परत पाठवला.

या गोष्टीतलं मला शिकवायला उपयोगी पडलं ते वेगळंच. फार्मवर नियम होता की शिक्षक जे करणार नाहीत ते मुलांना सांगायचं नाही. तेव्हा ताई, रविवारच्या आधी दोन संध्याकाळी मामांकडे जाऊन बसा आणि स्वतः चार टाके घाला. तुमचे टाके वाकडे येतील. ते वाकडे टाके पहिल्या दिवशी मुलांना दाखवा.

जैन आईचं म्हणणं सरळ आहे, त्यावर वाद घालू नका. त्यांच्या मुलीला जाड कॅनव्हास आणि सुती दोरी द्या. शिलाई तीच, गाठ तीच, आरीचं भोकही तसंच. रेक्झिन मात्र देऊ नका. ते ठोकून नक्षी धरत नाही आणि "चामड्यासारखंच" म्हणत दिलेली वस्तू त्या पोरीला कमीपणाची वाटते. बाकीच्या मुलांना प्राण्याचं उत्तर खरं द्या: म्हैस, शेळी, मेंढी. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या कामात म्हशीचं कातडं मोठं. जनावर मांसासाठी मारलेलं असतं किंवा मेलेलं असतं, आणि त्याचं कातडं कुजू न देणं म्हणजेच ते कमावणं. चुन्याने केस काढायचे, मग कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती टांगून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आठ वर्षांच्या मुलांना हे ऐकून झोप लागणार नाही असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव असा की ती दोन मिनिटं गंभीर होतात आणि मग विचारतात, "पिशवी गळत नाही का?"

(गळते. गळलेलं पाणी खाली भांड्यात धरून परत वरून ओततात.)

आता हाताचं काम. तुमची भीती पात्यांची आहे, म्हणून पहिले दोन रविवार पातं हॉलमध्ये आणूच नका. कापलेले तुकडे मामांकडून आधीच करून घ्या. पहिल्या रविवारी नुसती ठोकाठोकी.

यासाठी कातडं बघून घ्या, कारण इथे मी एकदा तोंडावर आपटलेय. कोणीतरी स्वस्तात दिलं म्हणून गुळगुळीत काळ्या चामड्याचे तुकडे घेऊन गेले. पोरं घाम गाळून ठोकत होती आणि उशीवर बोट दाबावं तसा उठलेला ठसा पुन्हा भरून येत होता. ते क्रोमचं, म्हणजे रसायनाने झटपट कमावलेलं, पिशव्या-जॅकेटांचं चामडं होतं. ठसा धरतं ते सालीवर कमावलेलं. दुकानात कडा बघा: आतून बहुतेक निळसर-करडी दिसली तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर सालीचं. बिनरंगी तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. सालीचं तो पिऊन टाकतं आणि गडद डाग पडतो. जाडी साधारण दोन मिलिमीटर. मोठं कातडं विकत घ्यायची गरज नाही. चपलांच्या तळातून उरलेली कतरण मामांच्या ओळखीत कुठेही मिळेल, वजनावर, आणि चावीला लावायच्या बिल्ल्याला तेवढी पुरते.

ओल कशी ओळखायची, ते मात्र नीट शिकवा, सगळी मजा त्यात आहे. स्पंजने दोन्ही बाजूंनी पाणी फिरवायचं, कातडं गडद होतं. लगेच ठोकलं तर ठसा चिखलात उमटावा तसा फुगीर येतो. वाट बघायची. काही मिनिटांनी मूळ रंग परत यायला लागतो, पण तुकडा गालाला लावला तर गार लागतो. तो क्षण. आठ वर्षांची पोरं तुकडा गालाला लावून, डोळे मिटून, ओळीने बसलेली असतात. असा शांत वर्ग मी दुसऱ्या कुठल्या विषयाला पाहिला नाही.

ठसे विकत घेऊ नका. बोल्टची डोकी, मोठे खिळे कानशीने सपाट करून, जुन्या किल्ल्या, चमच्याची दांडी. छोट्यांना खिळा बोटांत धरायला न देता कपड्यांच्या चिमट्यात धरायला द्या, म्हणजे चुकलेला घाव चिमट्यावर जातो. ठोकायला लाकडी मोगरी. खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली दुमडलेलं पोतं, नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील. घाव एकच, सरळ. दुसरा घातला की ठसा सरकतो आणि जोडठसा उमटतो. आधी कतरणीवर वीस ठसे, मग बिल्ल्यावर.

रंगाच्या बाटल्याही नकोत. गंजके खिळे दोन-चार दिवस व्हिनेगरमध्ये, झाकण सैल ठेवून, तुम्ही घरीच भिजवून ठेवा. ते पाणी गाळून सालीच्या कातड्यावर बोळ्याने फिरवलं की डोळ्यांदेखत काळं पडतं. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड भेटलं की काळा रंग. हिरडा आणि लोखंड वापरून शाई करायचे तीही याच न्यायाने. नववीतल्या मुलांना रसायनशास्त्राचा धडा इथे फुकटात होतो. नंतर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, तेलाचं बोट.

दुसऱ्या रविवारी मामींची वेणी. तिच्या जोडीला एक जादू घ्या. वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्टीला दोन लांब चिरा मामांकडून आधीच पाडून घ्या. चिरा टोकापर्यंत जायच्या नाहीत, दोन्ही टोकं शाबूत, मधे तीन पदर. आता याची वेणी घाला म्हणायचं. मुलं म्हणतात, अशक्य, टोक सुटं नाही. तीन पेड घालायचे, खालचं टोक पदरांच्या फटीतून आत ओवून बाहेर काढायचं, सगळं पिळवटल्यासारखं होतं. आणखी तीन पेड, पुन्हा टोक ओवायचं, आणि पीळ सुटून सरळ वेणी हातात. स्काउटच्या मुलांच्या स्कार्फला वॉगल, म्हणजे गळ्याशी अडकवायचं कडं, म्हणूनही हीच पट्टी वळवून चालते. दोन वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलीने ती मला दहा मिनिटांत करून दाखवली, मी स्वतः शिकायला एक अख्खी दुपार घालवली होती.

शिलाई अकरा वर्षांच्या पुढच्यांना. शिवणीच्या चौपट लांब असा एकच मेणाचा दोरा, दोन्ही टोकांना बोथट सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया, एक इकडून एक तिकडून. मशीनच्या शिलाईचा एक धागा तुटला की ती उसवत जाते, ही जात नाही, कारण दुसरा पदर धरून असतो. हे सांगून पटत नाही. प्रत्येकाला चार टाके घालू द्या, एक पदर मुद्दाम कापा आणि ओढून बघायला सांगा. भोकं आधी पाडलेली असावीत. आरी मुलांच्या हाती द्यायची ती मामा शेजारी असतानाच, आणि खाली बुचाचा तुकडा ठेवून, तळहात नाही.

पातं चौदाच्या पुढच्यांना, चौथ्या रविवारपासून. कापायची जागा एकच, तिथे दोन मुलं आणि एक मोठं माणूस, तिसऱ्याने रांगेत थांबायचं. पोलादी पट्टी, आणि पट्टी धरलेला हात पात्याच्या वाटेत नाही. पातं धारदार हवं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ते सटकतं, माझ्या वर्गात झालेली एकमेव जखम अशीच झाली. स्वच्छ कापड दाबून हात वर, आणि टाक्यांची शंका आली तरी दवाखान्यात. रापी मामांचीच राहू द्या. ते हत्यार दोन तासांत हाताला बसत नाही, आणि दुसऱ्याच्या हातात द्यायला त्यांनाही आवडणार नाही.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे: चपला चिकटवायचं सोल्युशन मुलांच्या खोलीत येता कामा नये. मामा सवयीने डबा आणतील, त्यांना आधीच सांगा. त्याच्या वाफा बंद हॉलमध्ये वाईट आहेतच, आणि त्याच वासाची नशा करणारी मुलं आपल्या स्टेशनांवर आपण पाहतो. तुकडे जागेवर धरायला कागदाचे क्लिप पुरतात, अगदीच लागलं तर पांढरा फेविकॉल.

स्टॉलचं. मुलाने केलेला बिल्ला आजीला भेट म्हणून जाऊ द्या. स्टॉल लागला की ऑर्डर येते, ऑर्डर आली की "उद्यापर्यंत तीस करा" येतं, आणि तिथून पुढे ते शिकणं राहत नाही. आपल्या कायद्याने २०१६ पासून चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही, घरच्या कामाची आणि बालकलाकारांची सवलत सोडून. तुमचा स्टॉल म्हणजे धंदा नाही, मान्य, पण पालकांच्या डोळ्यांत एकदा विक्रीचा आकडा शिरला की थांबवायला तुम्हालाच जड जाईल. विकायचंच असेल तर स्टॉलवर मामा-मामींच्या चपला ठेवा, पैसे त्यांचे, मुलं फक्त माहिती सांगायला उभी.

पाचव्या रविवारी नवीन काहीच करू नका. प्रत्येकाने घरून एक तुटकी वस्तू आणायची: अंगठा निघालेली चप्पल, पट्टा तुटलेलं दप्तर, उसवलेला बेल्ट. मामा बघून सांगतील यातलं काय दुरुस्त होतं आणि काय नाही. तो त्यांचा रोजचा धंदा आहे, इथे ते बोलायला लागतात. आधीचे चार रविवार गप्प असलेला माणूस असतो तो. माझ्याकडे त्या दिवशी एका मुलाने वडिलांची चप्पल आणली होती आणि घरी जाऊन सांगितलं की तळ अजून दोन वर्षं टिकेल, नवीन घेऊ नका. वडील चिडले होते म्हणे.

सहावा रविवार अर्धवट राहिलेल्यांसाठी रिकामा ठेवा. अर्धी मुलं त्यात असतील.

आणि उरलेली कतरण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. जूनमध्ये पिशवी उघडाल तर हिरवी बुरशी. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, पावसाळ्यात मधूनमधून वारा द्या.